गुण्याला दिसलेल्या वाकड्या रेघा

त्याचं खरं नाव त्या गल्लीत फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे त्याला गुण्या म्हणत. वयाने लहान असलेले गुण्याभाऊ म्हणत, त्याहून लहान असलेले गुण्याकाका. सुतार-गवंड्यांकडे काटकोन तपासायचा गुण्या असतो ना, कोपऱ्याला लावला की कोपरा खरा की खोटा ते लगेच सांगतो, तो. हा माणूसही तसाच होता. चित्रांना आणि फोटोंना चौकटी करून द्यायचं दुकान त्याच्या वडिलांनी घातलेलं आणि तो ते चाळीस वर्षं चालवत आलेला. पण हे नाव पडलं ते दुकानामुळे नाही, त्याच्या खोडीमुळे. भिंतीवरची चौकट केसभर जरी तिरकी असली तरी त्याला चैन पडत नसे. लग्नाची बोलणी करायला गेला तेव्हा होणारे सासरे नोकरीधंद्याची चौकशी करत असताना हा मधेच उठला, त्यांच्या वडिलांचा फोटो सरळ केला आणि जागेवर येऊन बसला. दाराआडून कुणीतरी फस्सकन हसलं. ती हसणारी पुढे त्याची बायको झाली. शेजारच्या चावीवाल्याची आई गेली तेव्हा हा भेटायला गेला, सांत्वनाचं एक वाक्य कसंबसं बोलला, आणि त्याचा हात आपोआप तिच्या फोटोकडे गेला. चावीवाला रडता रडताच म्हणाला, "डावीकडून जरा वर घे."

दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढे काउंटर, मागे कामाचं टेबल, त्यावर काच ओरखडू नये म्हणून अंथरलेली जुनी घोंगडी. भिंतीवर चौकटीच्या पट्ट्यांचे नमुने, एकेका कोपऱ्याएवढे कापून टांगलेले. गिऱ्हाईक ते चित्राच्या कडेला लावून बघायचं, "हा की तो" करत अर्धा तास घालवायचं आणि शेवटी गुण्याने पहिल्यांदा काढून दिलेला नमुनाच घ्यायचं. तेवढा अर्धा तास त्याने कधी कुणाला कमी करून दिला नाही. आपण स्वतः निवडलं असं गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे, असं त्याच्या वडिलांचं सांगणं होतं.

वडिलांचा विषय निघाला की मात्र तो दुसरं बोलणं काढी. म्हाताऱ्याचे डोळे गेले होते. एकदम नाही गेले. साठीनंतर आधी मधलं जायला लागलं. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. "मधे कुणीतरी ओला बोळा फिरवलाय असं वाटतं रे," ते म्हणायचे. डॉक्टरांनी त्यांच्या हातात चौकोनाचौकोनांचा एक कागद दिला होता, मधे एक ठिपका. ठिपक्याकडे बघा आणि रेघा कशा दिसतात सांगा, म्हणाले. वडील म्हणाले, "कडेला सरळ आहेत. मधे पाण्यात काठी वाकते तशा वाकतात." गुण्या तेव्हा तिशीत होता आणि शेजारीच उभा होता. त्या काळी त्यावर काही इलाज नव्हता. शेवटची काही वर्षं म्हातारा येणाऱ्याजाणाऱ्याला पायांवरून आणि चपलांवरून ओळखायचा. निघताना डॉक्टर सहज म्हणाले होते की हे कधीकधी घराण्यात असतं, मुलाने पन्नाशीनंतर तपासून घेत जावं. गुण्याने मान डोलावली. आता तो बासष्ट वर्षांचा झाला होता आणि एकदाही गेला नव्हता.

गेल्या चार महिन्यांत काही ना काही व्हायला लागलं होतं. दुकानातल्या ट्यूबलाइटभोवती धूर साचल्यासारखा दिसे. चौकटीमागच्या कडीत तार ओवायला तीन-तीनदा प्रयत्न करावे लागत. एका चौकटीचा कोपरा जुळवला आणि तो उघडा राहिला. बारीकशी फट होती, गिऱ्हाइकाच्या लक्षातही आली नसती. गुण्याने ती चौकट मोडून नवी केली. त्या दिवसापासून तो कोपरे अंगठ्याने तपासू लागला. डोळे काय सांगतात ते विचारायचंच बंद केलं. घरी बोलला नाही. बोलला असता तर बायकोने हाताला धरून नेलं असतं, आणि नेमकं तेच त्याला नको होतं.

अशात एका सोमवारी सकाळी एक चित्रकार बाई दुकानात आल्या. चाळिशीच्या, आखूड केसांच्या, नखांत निळा रंग अडकलेला. बरोबर टेम्पोवाला आणि जाड चादरीत गुंडाळलेलं भलंमोठं चित्र. दोघांनी मिळून ते टेबलाला टेकवून उभं केलं.

"काच नको," बाई म्हणाल्या. "पुढे बऱ्याच वस्तू आल्यात. खोल पेटीसारखी चौकट हवीय. पुढच्या रविवारी प्रदर्शन आहे."

गुण्याने कडा बघितल्या. प्लायवुडवर गोणपाट ताणून चिकटवलेलं, त्यावर रंगाचे थर, वाळू, गंजलेल्या पत्र्याचे तुकडे, दोऱ्याची गुंतवळ, आणि कुठे कुठे मेण ओतलेलं. माणूस नाही, झाड नाही, घर नाही.

"वरची बाजू कुठली?" त्याने विचारलं.

"मागे बाण काढलाय," बाई हसल्या. "दोनदा उलटं लागलंय, तेव्हापासून काढते."

"आणि हे... म्हणजे, काय आहे?"

"मलाही नीट सांगता येत नाही. तुम्ही चौकट केलीत की विचारीन, तुम्हाला काय वाटलं ते."

मापं घेऊन झाली, बाई गेल्या. गुण्याने सकाळभर दुसरी कामं उरकली. दुपारी जरा निवांतपणा मिळाला तेव्हा पट्टी ठरवायची म्हणून चित्र उचलून समोरच्या भिंतीशी ठेवलं, चार पावलं मागे गेला आणि चष्मा पुसून बघितलं.

चित्राच्या मधोमध आलेखाचा मोठा कागद चिकटवलेला होता, बारीक निळ्या चौकोनांचा. कडेला रेघा सुतासारख्या सरळ होत्या. मधे वाकल्या होत्या. आणि जिथे वाकल्या होत्या तिथे सगळं धुरकट होतं, ओला बोळा फिरवल्यासारखं.

त्याने उजवा डोळा झाकला. रेघा वाकड्याच. डावा झाकला. तरी वाकड्याच. दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसत होतं. मागे न बघता त्याने स्टूल चाचपलं आणि बसला. एवढ्यात चावीवाला चहाला हाक मारायला आला. "काय रे, भूत बघितलंस का?" म्हणाला. गुण्या म्हणाला, "ऊन लागलं." आकाशात ढग भरून आले होते. चावीवाल्याने वर एकदा बघितलं.

एखादा दुसरा असता तर त्याने लगेच दुसरीकडे नजर टाकली असती. दाराची जाळी बघितली असती, फरशा बघितल्या असत्या. गुण्याने उलटं केलं. जिथे जिथे सरळ रेघ असेल तिथून तो नजर चुकवू लागला. खात्री करून घ्यायची तर ती होणारही, आणि झाली की मग परत फिरायला वाट नाही, असं त्याच्या मनाने घेतलं. एकदा चुकून खिडकीच्या गजांकडे लक्ष गेलं, तर घाबरलेल्या डोळ्यांना तेही हलल्यासारखे वाटले. चित्रावर त्याने चादर टाकली आणि तीन दिवस ती काढली नाही. मापं लिहिलेली होती, पट्ट्या कापल्या, कोपरे अंगठ्याने जुळवले. चौकट तयार होत आली ती चित्राकडे न बघताच.

घरी तो सराव करू लागला. बायको बाहेर गेली की डोळे मिटून खाटेपासून मोरीपर्यंत पावलं मोजायची. साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला ते झाकणावरून ओळखायचं. दोनदा बरोबर आलं, तिसऱ्यांदा चहात मीठ पडलं. तो मुकाट्याने प्यायला. आणि संध्याकाळी बायको भाजी निवडत बसली की समोर बसून तो तिच्याकडे एकटक बघत राही. कपाळ, भुवयांमधली आठी, डाव्या गालावरचा तीळ, हसताना थोडा पुढे येणारा तो एक दात.

"काय हो, असं काय बघताय?" तिसऱ्या दिवशी तिने विचारलं. "तोंडाला काही लागलंय का माझ्या?"

"नाही गं. सहज."

"सहज बघायचं वय राहिलंय का आपलं?" ती म्हणाली, पण भाजी निवडता निवडता दोनदा त्याच्याकडे निरखून बघितलं. पस्तीस वर्षांच्या संसारात हा माणूस सहज काहीही करत नाही, हे तिला चांगलं माहीत होतं.

चौथ्या दिवशी तो डबा विसरून गेला. दुपारी ती डबा घेऊन दुकानात आली. गुण्या मागच्या बाजूला खिळे शोधत होता. तिने डबा काउंटरवर ठेवला आणि चादरीखाली काय आहे ते बघावं म्हणून चादर ओढली.

"अगं, नको!" गुण्या ओरडला आणि तोंड भिंतीकडे फिरवून उभा राहिला.

बायको आधी दचकली, मग चित्र बघू लागली. डोकं एका बाजूला कलतं केलं, मग दुसऱ्या. "रंग छान आहेत," म्हणाली. "तो गंजाचा आणि निळा शेजारी शेजारी चांगला दिसतो. पण मधेच हे असं का झालंय?"

गुण्या वळला नाही. "असं म्हणजे कसं?"

"हे चौकोन हो. बाजूला नीट आहेत आणि मधेच वेडेवाकडे."

"काय म्हणालीस?"

"वेडेवाकडे म्हटलं. आणि धुरकटही आहे. लग्नातल्या फोटोवर पाणी सांडलं होतं ना, तेव्हा झालं होतं तसं."

तो हळूहळू वळला. "तुला दिसतंय ते? वाकडं? तुला दिसतंय?"

"मला दिसतंय म्हणजे? आंधळी आहे का मी?"

"चष्मा काढून सांग. नाही, घालून सांग. एक डोळा झाकून सांग."

"अहो, झालंय काय तुम्हाला? वाकडं आहे ते वाकडं दिसतंय, त्याला डोळे कशाला झाकायचे? हात लावून बघा ना, फुगलंय इथे."

गुण्या पुढे आला. तळहात चित्रावर अलगद ठेवला, पुस्तकाच्या पानावर ठेवतात तसा. मेणाच्या पातळ थराखाली कागद चक्क वर आलेला होता, पुरीएवढा गोल. फुगा! खळ पातळ झाली की कागदाखाली हवा राहते आणि वाळल्यावर तिथे फुगा धरतो. असे फुगे चाळीस वर्षांत त्याने किती दाबून बसवले असतील! शिकाऊ असताना ह्याच गोष्टीवरून त्याने वडिलांची बोलणी खाल्ली होती. फुग्यावरच्या रेघा वाकणार नाहीत तर काय होणार? आणि मेण धुरकट नसेल तर कसं असेल? अख्ख्या गल्लीत हे ओळखू शकणारा एकच माणूस होता, आणि तोच चार दिवस चादर टाकून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तो खाली बसला आणि हसायला लागला. मग हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते थांबेना. बायको त्याच्याशेजारी फरशीवर बसली. ती पदराआड काही लपवणारी बाई नव्हती; तिने सरळ विचारलं, "आता सगळं सांगा."

त्याने सगळं सांगितलं. ट्यूबलाइट, तार, उघडा राहिलेला कोपरा, वडिलांचा तो कागद, चहातलं मीठ.

"चार महिने?" ती म्हणाली. "चार महिने एकटे उरावर घेऊन फिरलात? आणि माझ्याकडे टक लावून बसायचात ते ह्याच्यासाठी?"

"तुझा चेहरा पाठ करत होतो."

"पाठ करायला तो काय पाढा आहे?" ती म्हणाली. मग तिने नाक पुसलं. "उठा. आधी जेवा. उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जातोय, आणि हो-नाही काही ऐकणार नाहीये मी."

"पण आता कळलं ना, चित्रच वाकडं आहे..."

"चित्र वाकडं आहे. ट्यूबलाइटभोवतीचा धूर पण चित्रातच आहे का?"

गुण्याने डबा उघडला.

डोळ्यांच्या दवाखान्यात सकाळी नऊलाच गर्दी होती. गुण्याने बाकावर बसल्या बसल्या समोरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा नाही असं ठरवलं होतं, तरी वरच्या तीन ओळी वाचून झाल्याच. आत डॉक्टर तरुण होते आणि सावकाश बोलत होते. वडिलांबद्दल सगळं नीट ऐकून घेतल्यावर त्यांनी खणातून एक कागद काढला. तोच. चौकोनाचौकोनांचा, मधे ठिपका. बायकोने मागून खुर्चीची पाठ धरली.

"एक डोळा झाका. ठिपक्याकडेच बघा. आता सांगा, रेघा कशा आहेत?"

तो बराच वेळ बघत राहिला. "सरळ आहेत," म्हणाला. "पण..."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "पण काय?"

"चौकट डावीकडे खाली उतरलीये. कापताना कागद सरकला असणार."

डॉक्टरांनी कागद हातात घेतला, पट्टी लावून बघितलं आणि मोठ्याने हसले. "दोन मिलिमीटर! तीन वर्षं मी हाच कागद वापरतोय, एकाही पेशंटने सांगितलं नाही." दुसऱ्या डोळ्याचंही तेच उत्तर आलं, उतरलेल्या चौकटीसकट.

मग डोळ्यांत थेंब घातले. बाहुल्या मोठ्या व्हायला तासभर बाहेर बसवलं, आणि तेवढ्या वेळात सगळं जग पांढरंफटक आणि पसरट झालं. बायकोने हात धरून त्याला परत आत नेलं. डॉक्टरांनी झगझगीत दिवा मारून एकेक डोळा बारकाईने तपासला. गुण्या श्वास रोखून बसला होता.

"सोडा श्वास," डॉक्टर म्हणाले. "पडदा उत्तम आहे, दोन्हीकडचा. मोतीबिंदू होतोय. धूर दिसतो तो त्याचाच, रंगही पिवळट दिसत असणार. पिकला की काढू, साधं ऑपरेशन आहे. आणि हा चष्मा कधीचा?"

"सहा वर्षं झाली."

"नंबर केव्हाच बदललाय. ह्या चष्म्याने तुम्ही तार ओवत होतात ह्याचंच मला आश्चर्य वाटतं. दर वर्षी येऊन पडदा दाखवत जा, वडिलांचं होतं म्हणून. आणि उद्या तसं काही निघालंच तरी आता त्यावर इंजेक्शनं आहेत. वडिलांच्या वेळी नव्हती."

"म्हणजे ते नाहीये?" गुण्याने विचारलं.

"नाहीये."

"नक्की?"

"अहो, नाहीये म्हणाले ना ते!" बायकोच मागून म्हणाली, आणि जीव भांड्यात पडल्यासारखी समोरच्या स्टुलावर बसली. ते स्टूल डॉक्टरांचं होतं. डॉक्टर बिचारे उभेच राहिले.

बाहेर आल्यावर उन्हाने डोळे दिपले. गुण्याला काहीच धड दिसत नव्हतं, आणि इतक्या मजेत तो कित्येक महिन्यांत चालला नव्हता. बायको हात धरून त्याला खड्डे सांगत होती आणि मधून मधून बोलणी देत होती. बारा वर्षं तपासायला गेला नाहीत म्हणून, सांगितलं नाहीत म्हणून, आणि मीठ घातलेला चहा मुकाट्याने प्यायलात म्हणूनही. तो प्रत्येक वाक्याला "हो" म्हणत होता. रस्ता संपूच नये असं त्याला वाटत होतं.

शनिवारी चित्रकार बाई आल्या तेव्हा चित्र चौकटीत बसवून तयार होतं. काळपट लाकडाची खोल पेटी, चित्राभोवती बोटभर मोकळी जागा. बाईंनी त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "आता ते श्वास घेतंय."

"तो मधला फुगा," गुण्या म्हणाला, "खळ पातळ झाली होती ना?"

बाईंनी जीभ चावली. "तुम्हाला कळलं? माझा भाऊ जमिनी मोजायचा, त्याच्या कामातले हे मोठे कागद. तो गेल्यावर माझ्याकडे आले. घाईत खळ पातळ केली, दुसऱ्या दिवशी बघते तर हा फुगा. रडायलाच आलं. काढायला सुरी घेतली आणि मग वाटलं, राहू दे. त्याने आयुष्यभर जमिनी सरळ रेघांत मोजल्या. एके ठिकाणी तरी जमीन वर येऊ दे. म्हणून वरून मेण ओतलं."

गुण्याने मान हलवली. आपल्या चार दिवसांची गोष्ट त्याने त्यांना सांगितली, काही न लपवता, भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो तेसुद्धा. बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या, मग पुन्हा हसल्या. "माझ्या चित्राने इतका परिणाम आजवर कुणावर केला नव्हता," म्हणाल्या. "आता सांगा, काय वाटलं तुम्हाला?"

"भीती वाटली," तो म्हणाला. "आणि मग सुटल्यासारखं वाटलं. ह्याच्याहून जास्त मला सांगता येणार नाही."

"पुष्कळ झालं," बाई म्हणाल्या.

ऑपरेशन सहा महिन्यांनी झालं, आधी उजव्या डोळ्याचं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आला तो स्वयंपाकघराच्या दारातच थबकला. "ही भिंत निळी आहे?" त्याने विचारलं. "दोन वर्षांपूर्वी रंगवली तेव्हापासून निळीच आहे," बायको म्हणाली. "तुम्हीच सगळ्यांना हिरवी सांगत होतात. मी म्हटलं, कशाला वाद."

डॉक्टरांनी परवानगी दिली तशी तो दुकानात गेला आणि चित्राभोवती लावायच्या जाड कागदांचा गठ्ठा उपसायला बसला. पांढरे आणि सायीच्या रंगाचे, दोन वेगळे गठ्ठे होते. दोन्हींत सरमिसळ झालेली होती, आणि ती कोणी केली हे सांगायला साक्षीदार लागत नव्हता. ओशाळून त्याने सगळ्यात अलीकडच्या गिऱ्हाइकाला, एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना फोन लावला.

"बाई, तुम्हाला सायीच्या रंगाचा म्हणून जो कागद लावून दिला, तो पांढरा आहे. माझी चूक झाली. बदलून देतो."

"मुळीच नको," त्या म्हणाल्या. "मी तर सगळ्यांना सांगतेय, ह्या माणसाला नजर आहे. मी मागितला एक, त्याने लावला दुसरा, आणि त्याचंच बरोबर निघालं."